खतावण्या बांधणाऱ्या अण्णांकडे चिनी शाईचित्रांचे खंड

सांगलीत खणभागात एक बाइंडिंगचं दुकान आहे. पाटी नाही. होती ती २०१९ च्या पुरात गेली आणि परत लावायचं कोणाच्या मनात आलेलं नाही. दारात निळ्या रेक्झिनच्या खतावण्यांची चळत दिसली की हेच ते, असं समजायचं. हळदीच्या आडत्यांच्या रोजकीर्दी, पतसंस्थांची लेजरं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, दिवाळीच्या तोंडावर लाल चोपड्या, हा त्यांचा मूळ धंदा. मी तिथे चिनी शाईचित्रांचे खंड शिवून घेते आणि त्यांना कापडी खोके करून घेते. हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या लोकांनी जे तोंड केलं तेच तुम्हीही करणार, पण पुढे वाचा. घरात पोथी, जुनी जन्मपत्रिका, आजोबांच्या बंदिशींची वही असं काही असेल तर तुमच्याही कामाचं आहे.

मी चित्रकलेची शिक्षिका. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांना वस्तुचित्र आणि संकल्पचित्र शिकवता शिकवता नोकरी संपली. चिनी शाईकामाचे, चित्रकाराने स्वतः सही केलेले खंड जमवायचा नाद तेव्हापासूनचा. पेन्शनीत बसेल तेवढाच, म्हणजे मोठी नावं सोडूनच द्यायची. १९३३ साली लू शुन आणि झेंग झेनदुओ या दोन चिनी लेखकांनी बेइपिंगमधल्या (म्हणजे आताच्या बेइजिंगमधल्या) चित्रमय पत्रकागदांचा सहा खंडांचा संग्रह काढला. पहिल्या छपाईच्या प्रती फक्त १००, आणि त्यांवर दोघांच्याही हातच्या सह्या. असल्या वस्तूचा फोटो बघायचा, सुस्कारा टाकायचा आणि भाजी निवडायला बसायचं.

माझ्याकडे जे आहे ते साधं आहे. हाँगकाँगमध्ये राहून शिकवणारे, दक्षिण चीनमधल्या लिंगनान शैलीचे चित्रकार चाओ शाओआन (१९०५–१९९८), ज्यांचे नाकतोडे आणि बांबू बघून मी शिकवण्या बुडवल्या असत्या, त्यांच्या सहीचं एक पुस्तक. आणि दुसरा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो दोऱ्याने शिवलेला, लाकडी ठशांनी छापलेला एक खंड. पहिल्या कोऱ्या पानावर एका चित्रकाराने कुंचल्याने लिहिलेल्या चार ओळी आणि खाली त्याच्या शिक्क्याचा लाल ठसा. चित्रकार प्रसिद्ध नाही, म्हणून तर मला परवडला.

सहीबद्दल थोडं सांगते, नाहीतर दुकानात मी एवढी कटकट का करते ते कळायचं नाही. चिनी चित्रकार पुस्तक भेट देतो तेव्हा घेणाऱ्याचं नाव, दोष असतील तर दाखवावेत अशा अर्थाचे विनयाचे दोन शब्द, वर्ष, स्वतःचं नाव, एवढं सगळं लिहितो आणि मग ठसा उमटवतो. वर्ष लिहिण्याची रीत आपल्या संवत्सरांसारखी साठाच्या फेऱ्याची. माझ्या खंडावरचं वर्ष १८९७ चंही असू शकतं आणि १९५७ चंही. पुस्तकाची छपाई १९५० च्या दशकातली, म्हणून १९५७. विकणाऱ्याने काहीही सांगितलं तरी आधी हा हिशेब करायचा. ठशाचा लाल रंग म्हणजे हिंगूळ, एरंडेलात आणि वनस्पतीच्या बारीक तंतूंत घोटलेला. तो कागदावर किंचित उठून बसतो, पान तिरकं धरलं की बोटाला नाही पण डोळ्याला लागतो. पाठीमागून पाहिलं तर भोवती तेलाची पुसटशी कड असते. शाई म्हणजे काजळी आणि सरस. कुंचल्याची रेघ कागदात उतरते, जिथे रेघेवर रेघ गेली तिथे गडद होते. ऑफसेटवर छापलेल्या सहीत भिंगाखाली ठिपके दिसतात, तिथे विषय संपला.

लाकडी ठशांची छपाई मात्र भिंगालाही दाद देत नाही. बेइजिंगच्या ल्यूलीछांग गल्लीतलं रोंगबाओजाय हे दुकान या कामातलं घराणंच. १६७२ साली दुसऱ्या नावाने सुरू झालं, १८९४ पासून आताचं नाव. चित्रातल्या प्रत्येक छटेला वेगळा ठसा कोरायचा, पाण्याच्या रंगाने एकेक करून त्याच कागदावर उमटवायचा. दहाव्या शतकातल्या एका मेजवानीच्या पटचित्राची प्रतिकृती करायला त्यांना १,६६७ ठसे लागले. चित्रकार छी बाइशींपुढे त्यांचंच चित्र आणि त्याची छापील प्रत ठेवली तर त्यांना आपलं कोणतं ते सांगता येईना, अशी गोष्ट सांगतात. सुताराचा हात असलेला माणूस तो, आयुष्याच्या सुरुवातीला लाकूडकामच केलेलं, त्याला नाही ओळखता आलं तर तुमची आमची काय कथा! आणि चांग दाछ्येन तर त्याहून वरचढ. १९५० मध्ये आपल्या अजिंठ्याला येऊन भित्तिचित्रांचा अभ्यास करून गेला, थोर चित्रकार, शिवाय जुन्या उस्तादांच्या इतक्या नकला करून ठेवल्या की संग्रहालयंही फसली. त्याच्या नावाची सही स्वस्तात मिळाली तर पैसे खिशातच ठेवा.

तर सांगायचा मुद्दा, माझ्या खंडाचा दोरा तुटला होता. कोपऱ्यांना लावलेलं रेशीम कसरीने खाल्लं होतं आणि आधीच्या कोणा मालकाने कण्यावर सेलोटेप मारून ठेवली होती, ती पिवळी पडून वठलेली. मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या बाइंडरला फोटो पाठवले तर उत्तर आलं, मॅडम, नवीन हार्डबाउंड करून देतो, सोनेरी अक्षरांत नाव टाकून. मी फोन ठेवला.

अण्णांकडे मला आमच्या पतसंस्थेच्या कॅशियरनी पाठवलं. मी पिशवीतून खंड काढला आणि गल्ल्यावर ठेवला. अण्णांच्या हाताखालच्या पोराने तो उलटसुलट केला, दोन पानं चाळली आणि म्हणाला, "बाई, पानं जोडल्यालीच ऱ्हायल्यात की. कापून देतो, पाच मिनटाचं काम." त्याचा हात कटिंग मशीनकडे गेलासुद्धा. मी खंड छातीशी धरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या खंडांचा कागद एकाच बाजूने छापतात, मधोमध दुमडतात आणि घडी बाहेरच्या बाजूला ठेवून मोकळ्या कडा कण्याकडे शिवतात. म्हणजे प्रत्येक पान दुहेरी, आतून कोरं. ती घडी कापली की खंड मेला.

मी काही बोलायच्या आत अण्णांनी पुस्तक मागून घेतलं. चष्मा कपाळावर चढवला, घडीत करंगळी सरकवली आणि पान किंचित फुगवून आत बघितलं. "आरं, ही घडीच हाय. आत कोरं सोडलंय मुद्दाम. कागद पातळ हाय न्हवं, शाई मागं उतरती, म्हणून." मग कण्याकडे वळले. "चार भोकं. जुजबंदी न्हाई ही, वरनं टाचलीया." (जुजबंदी म्हणजे पानांच्या जुड्या आतल्या घडीतून शिवणं.) मग तुटका दोरा बाजूला करून त्यांनी जे दाखवलं ते मीही आधी नीट पाहिलं नव्हतं. दोऱ्याच्या भोकांच्या आतल्या अंगाला आणखी बारीक भोकं आणि त्यांत कागदाचेच पिळलेले दोन तुकडे घालून ठोकून सपाट केलेले. "ह्या वाती बघा. दोरा तुटला तरी पानं का सुटली न्हाईत? ह्यांनी धरून ठेवल्यात. ज्यानं केलं त्यो शाणा माणूस." चीनमध्ये हे असंच करतात. आधी कागदाच्या वातींनी पानं बांधायची, मग वेष्टन चढवून वरून रेशमाचा दोरा. अण्णांनी चीन नकाशावर तरी नीट पाहिलाय की नाही कोण जाणे, पण त्या वातींकडे ते बराच वेळ बघत बसले आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की काम इथेच द्यायचं.

माझ्या अटी मी लिहूनच नेल्या होत्या, बाई आहे ना. कटिंग मशीनला खंड दाखवायचासुद्धा नाही. शिकंज्यात आवळायचा नाही. भोकं आहेत तीच वापरायची, टोच्याने नवं भोक पाडायचं नाही. फेविकॉल नाही. सहीच्या पानाला हात लावायचा नाही, त्यावर पातळ टिश्यू घालून मगच उलटायचं, कारण हिंगुळाच्या ठशातलं तेल समोरच्या पानावर डाग पाडतं. आणि खळीत मोरचूद घालायचा नाही. इथे मात्र अण्णा अडले. "मोरचूद न्हाई घातला तर कसर लागंल बाई. आमच्या वडलांपासनं घालतोय." त्यांचं खोटं नाही. मैद्याच्या खळीत मोरचूद घातला की किडा लागत नाही, आणि खतावणीचं आयुष्य आठ-दहा वर्षं. पण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं हळूहळू कागद जाळतं. जुन्या वह्यांत हिरव्या रंगाने रंगवलेल्या जागी कागद तपकिरी पडून भोक पडतं ते यामुळेच. माझ्या खंडाचा कागद शुआन जातीचा, चीनच्या आनह्वी प्रांतातल्या जिंग तालुक्यात झाडाच्या सालीपासून आणि भाताच्या काडापासून करतात तो. नीट ठेवला तर शतकं टिकतो. त्याला आपण तांबं पाजायचं?

तोडगा निघाला तो आमच्या स्वयंपाकघरातून. जगभर कागद जपणारे लोक जी खळ वापरतात ती गव्हाच्या निव्वळ सत्त्वाची, त्यातलं चिकट प्रथिन काढून टाकलेली. गहू भिजत घालून, वाटून, गाळून, वरचं पाणी टाकून खाली जो राहतो तो चीक. कुरडया करणाऱ्या कुठल्याही घरात उन्हाळ्यात हा ढिगाने असतो. वहिनींनी काढलेल्या चिकातला वाटीभर मी मागून घेतला, मीठ-हिंग काही न घालता मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवला, गार करून चाळणीतून दोनदा दाबून काढला आणि डब्यातून अण्णांना नेऊन दिला. त्यांनी बोटावर घेऊन अंगठ्याशी ताणून बघितला. "गुळगुळीत हाय. गुठळी न्हाई." पोराने वास घेतला आणि विचारलं, कुरडया कधी आणताय?

पाणी लावलं तर सुटणारी खळ हवी, हे त्यांना पटवायला मात्र वेळ लागला. सुटू नये म्हणूनच तर चिकटवायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि खतावणीपुरतं ते बरोबरच आहे.

आता कामाबद्दल. शिलाई उत्तम. हा शब्द मी मुलांच्या चित्रांवर फार जपून लिहिला आहे. दोरा मी कापडपेठेतून आणला होता, पदराचे गोंडे करणाऱ्यांकडचा पांढरा रेशमाचा, मेण न लावलेला. अण्णांनी तो दुहेरी घेतला आणि दोन्ही पदर एकमेकांवर पीळ न पडता शेजारी शेजारी बसतील असा ओढला. वरून खालपर्यंत चारी ठिकाणी दोऱ्याच्या दोन समांतर रेघा दिसतात. गाठ कुठे आहे ते शोधून दाखवा म्हणाले, मला सापडली नाही. कण्याच्या आत पानांच्या मध्ये सरकवली होती. ताण असा बरोबर की पुस्तक पूर्ण उघडतं आणि कडेचा कागद चुरगळत नाही. सेलोटेप काढताना त्यांनी घाई केली नाही. हाडाच्या पट्टीने टोक उचलायचं, थांबायचं, पुन्हा उचलायचं. डिंकाचा पिवळा डाग राहिला, तो राहणारच होता, आणि तो घालवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही याचे मी जास्त गुण देईन.

कोपऱ्याचं रेशीम तितकं जमलेलं नाही. जाड झालं आहे, वरच्या कोपऱ्यावर खळ बाहेर येऊन कापड टणक झालंय. चिनी कामात हा कोपरा दुसऱ्या कातडीसारखा बसतो. इथे तो पट्टी बांधल्यासारखा दिसतो. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मी द्यायला हवे होते की नाही यावर आमच्या घरी दोन मतं आहेत.

खोक्याचं प्रकरण मोठं आहे. दोऱ्याच्या खंडाचं वेष्टन पातळ कागदाचं असतं, तो कपाटात उभा राहूच शकत नाही, आडवाच ठेवावा लागतो. म्हणून त्याला चारी बाजूंनी गुंडाळणारं कापडी, पुठ्ठ्याचं आवरण करतात आणि ते हाडाच्या दोन खुंट्या कापडी फाशांत अडकवून बंद करतात. आपल्याकडे पोथीला लाकडी फळ्या आणि वर बासन, तेच काम. अण्णांनी माझ्या मापावरून आधी वर्तमानपत्राचं करून दाखवलं, मग पुठ्ठा कापला. घड्या इतक्या नेमक्या की बंद केल्यावर कुठेही पोकळी नाही आणि तरी खंड बाहेर काढताना ओढावा लागत नाही. खुंट्या आल्या मिरजेहून. तिथल्या सितार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे पेपरात वाचलं असेल. त्या कामात हाडाचे तुकडे लागतात. अण्णांच्या मुलाचा मित्र एका वाद्यं करणाऱ्याकडे आहे, त्याने उरलेल्या तुकड्यांतून दोन खुंट्या तासून, घासून, टोकाला निमुळत्या करून दिल्या. पैसे विचारले तर म्हणाला, चहा पाजा. माझ्या संग्रहातली सर्वांत सुंदर वस्तू सध्या त्या खुंट्या आहेत, हे चित्रकारांनी ऐकू नये.

पण पुठ्ठा! मी करडा, आम्ल नसलेला बोर्ड सांगितला होता. तो सांगलीत मिळत नाही, पुण्यामुंबईहून मागवावा लागतो, आणि अण्णांनी तेवढ्यासाठी थांबायला नको म्हणून नेहमीचा पिवळा पुठ्ठा वापरला. काडापासून केलेला हा पुठ्ठा आम्लधर्मी असतो, वर्षांगणिक आपला पिवळेपणा शेजारच्या कागदाला देतो. आतून मी स्वतः आम्लरहित कागदाचं अस्तर लावून घेतलं म्हणून निभावलं. तुम्ही गेलात तर बोर्ड स्वतःच घेऊन जा, तिथल्या मालावर विसंबू नका. कापडही त्यांच्याकडे मरून आणि हिरवं बक्रम एवढंच. गर्द निळं हवं तर तेही आणून द्यायचं. आणि नावाची चिठ्ठी पहिल्या खेपेला त्यांनी आपल्या पुस्तकांप्रमाणे लावली. हे खंड उजवीकडून उघडतात, चिठ्ठी वेष्टनाच्या डाव्या कडेला वर असते. सांगितल्यावर मुकाट्याने काढून परत लावली. चिकाची खळ होती म्हणून निघाली. फेविकॉल असता तर कापडासकट आली असती. "बाई, तुमची खळ बरी हाय," एवढं मात्र त्यांच्या तोंडून निघालं.

पैसे: शिलाईचे ४०० रुपये, खोक्याचे ९००, सामान माझं. चाओ शाओआनच्या पुस्तकाला साधं सरकतं खोकं केलं त्याचे ५००. मोठ्या शहरातल्या त्या सोनेरी अक्षरवाल्याने यापेक्षा कितीतरी जास्त सांगितले होते, तेही खंड बिघडवण्याचे. पावती हाताने लिहिलेली मिळते, तीवर "चिनी वही १ नग" असं लिहिलेलं आहे. मी ती जपून ठेवली आहे.

वेळ विचारू नका. सांगितलेल्या दिवशी काम मिळत नाही. मार्चअखेर आणि दिवाळीच्या आधीचा महिना तर तोंडही दाखवू नका, हिशेबाच्या वह्यांपुढे तुमचा कुठलाही खंड रांगेत शेवटी. पावसाळ्यात देऊ नका असं मी बजावून सांगेन. दुकान पुराच्या टापूत आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं होतं. त्या पुरात १८६९ सालच्या आमच्या नगर वाचनालयाच्या ग्रंथांचं काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. अण्णा आता दुरुस्तीची पुस्तकं पोटमाळ्यावर ठेवतात, पण माळा वरून गळतो. पाणी चढलं नाही तरी त्या दिवसांतल्या दमट हवेत रेशमाचा दोरा आणि ताजी खळ नीट वाळत नाही, बुरशी धरते. दसऱ्यानंतर थोडे दिवस किंवा जानेवारी-फेब्रुवारी, हा हंगाम.

काय घेऊन जाऊ नये तेही सांगते. सुटी चित्रं, गुंडाळीची पटचित्रं, शाई सुटत असलेलं, पाणी लागून पानं चिकटलेलं असं काहीही इथे नको. लाकडी ठशांच्या छपाईतले रंग पाण्याचे असतात, ओल्या हाताने उतरतात, आणि अण्णांना कागद ओला करून सुटा करायची सवय आहे. असल्या कामाला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. खंडाची किंमत काय, सही खरी की खोटी, हेही अण्णांना विचारू नका. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच आपणहून सहीच्या पानाकडे बघून सांगितलं की अक्षर चांगलं आहे, पण डाव्या बाजूला जागा वाया घालवलीये, तिथे आणखी दोन ओळी बसल्या असत्या.

मी पुन्हा जाणार आहे. दुसरा एक खंड वाटेत आहे, तो आला की कोपरे मीच करीन आणि शिलाई त्यांच्याकडे देईन. दुकान सोमवारी बंद. दुपारी एक ते चार अण्णा जेवून आडवे होतात, तेव्हा गल्ल्यावर ते पोरगं असतं. त्याच्याकडे खतावणी खुशाल द्या, घडीच्या पानांचं काही असेल तर चारनंतर जा.